ओरडलं की ऐकतो, मग पुन्हा तेच का?

या महिन्याच्या पत्रांतून चार निवडली आहेत. एक स्वयंपाकघरातलं, एक वर्गातलं, एक वर्कशॉपमधलं आणि एक आजोबांचं. चौघांनीही बक्षीस किंवा शिक्षा करून पाहिली आणि चौघांच्याही हाती भलतंच आलं. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातला प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असतो.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. आम्ही सिडकोत राहतो. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, त्यांची शिफ्ट बदलत असते. संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले की हा मोबाइल मागतो. नाही म्हटलं की रडणं, पाय आपटणं सुरू. परवा रिमोट फेकला. मी ओरडते, कधी धपाटाही देते. तेवढ्यापुरता गप्प बसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वडील घरात असले की मात्र अगदी शहाणा. सासूबाई म्हणतात, तुझा धाकच नाही त्याला. मी कुठे कमी पडते?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही कमी पडत नाही. आणि सासूबाई म्हणतात तो धाक, हा काही यावरचा इलाज नाही. तुमचं पत्र आल्यावर मी तुम्हाला तीन रकान्यांची वही ठेवायला सांगितली होती: आधी काय चाललं होतं, मुलानं काय केलं, आणि त्याच्या लगेच पुढे काय झालं. त्यातला मंगळवार तुमच्या परवानगीनं जसाच्या तसा छापते.

‘सात वाजून दहा मिनिटं. भाकरी थापत होते. मोबाइल मागितला. नाही म्हटलं. रडायला लागला, मी लक्ष दिलं नाही. मग ओट्याजवळ येऊन ओढणी ओढायला लागला. गप्प बस म्हणून ओरडले. थोडा वेळ गप्प. मग फरशीवर लोळून आरडाओरडा. खालच्या काकू काय झालं म्हणून वर आल्या. तव्यावरची भाकरी करपली. सात पंचवीसला मोबाइल दिला. शांत.’

आता हेच पान मुलाच्या बाजूनं वाचा. नुसतं मागितलं, काही मिळालं नाही. रडला, तरी काही नाही. ओढणी ओढली, तर आई वळली आणि बोलली. रागानं का होईना, पण त्याच्याशी बोलली. फरशीवर लोळला, काकू आल्या आणि मोबाइल हातात पडला. पंधरा मिनिटांत त्यानं चार गोष्टी करून पाहिल्या आणि त्यातली कोणती चालते ते त्याला कळलं. हे तो ठरवून करतो असं मी म्हणत नाही, आठ वर्षांचं पोर असे डाव आखत नसतं. ज्या वागण्याच्या पाठोपाठ हवं ते मिळतं, ते वागणं पुढच्या वेळी आपोआप लवकर वर येतं. उद्या तो थेट लोळण्यापासूनच सुरुवात करेल.

मग तेच पान स्वतःच्या बाजूनं वाचा. तुम्ही ओरडलात आणि घर थोडा वेळ शांत झालं. म्हणजे ओरडण्याचं फळ तुम्हाला जागच्या जागी मिळालं. मोबाइल दिलात, कटकट थांबली, काकू खाली गेल्या, पुढची भाकरी नीट झाली. हेही फळच. त्या ओट्यापाशी मुलगा जेवढं शिकला तेवढंच तुम्हीही शिकलात. तो लोळायला शिकला. तुम्ही आधी ओरडायला शिकलात आणि मग देऊन टाकायला. ओरडून काही होत नाही हे सगळ्यांना पाठ आहे, तरी घराघरांतलं ओरडणं थांबत नाही. मला त्याचं एकच कारण पटतं: ओरडण्याचा फायदा दोन मिनिटांत दिसतो आणि तोटा दिसायला महिने जातात. अमेरिकेत ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी भांडखोर मुलांच्या घरी जाऊन हाच फेरा टिपून ठेवला आहे. मूल आवाज चढवतं, मोठं माणूस माघार घेतं, मूल गप्प होतं, आणि पुढच्या वेळी दोघंही थोड्या वरच्या पट्टीतच सुरुवात करतात.

वागण्यापाठोपाठ काय मिळतं त्यावरून असं शिकलं जाणं, याला पुस्तकात साधक अभिसंधान म्हणतात. त्याचा पाया एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवर केलेल्या प्रयोगांनी घातला आणि पुढचं मोठं काम बी. एफ. स्किनर यांनी केलं. स्किनर यांच्या पेटीत उंदीर असायचा आणि एक दांडी. दांडी दाबली की खाण्याची गोळी पडायची. गोळ्या ते स्वतःच तयार करत. एका शनिवारी दुपारी त्यांच्या लक्षात आलं की आहेत त्या गोळ्या सोमवार सकाळपर्यंत काही पुरणार नाहीत. म्हणून त्यांनी दर दाबण्याला गोळी देणं सोडून मिनिटाला एकच द्यायला सुरुवात केली. उंदरांनी दाबणं सोडलं नाही. या वाटेनं पुढे जे दिसलं ते तुमच्या घराला थेट लागू आहे. दर वेळी गोळी मिळणारा उंदीर, गोळ्या बंद झाल्यावर तसा लवकर थांबतो. कधी मिळते, कधी नाही अशा सवयीतला उंदीर कितीतरी जास्त वेळ दाबत राहतो. कबुतरांवरच्या प्रयोगांत तर दाणे बंद झाल्यावरही काही कबुतरं हजारो वेळा चोच मारत राहिली.

‘अहो, दहापैकी आठ वेळा मी नाहीच म्हणते,’ असं आया मला सांगतात. ते खरं असतं. पण हट्ट चिवट होतो तो उरलेल्या दोन वेळांमुळेच. तुमच्या घरात तर देणारे हात दोन आहेत. तुमच्या वहीत गुरुवारी लिहिलंय, ‘आजीनं तिचा फोन दिला.’ त्यामुळे सासूबाईंना यात घेतल्याशिवाय काही होणार नाही. त्यांना दोष देऊ नका, वहीचं हे पान त्यांना वाचून दाखवा.

आता धपाट्याबद्दल. स्किनर यांनी उंदरांच्या दोन गटांच्या गोळ्या बंद केल्या. त्यातल्या एका गटाला सुरुवातीचा काही वेळ, दांडी दाबली की पंजावर फटका बसायचा. फटके बसत होते तोवर तो गट दबकून राहिला. फटके थांबल्यावर हळूहळू पुन्हा दाबायला लागला, आणि शेवटी दोन्ही गटांची बेरीज सारखीच निघाली. त्यांचे विद्यार्थी विल्यम एस्टेस यांनी १९४४ मध्ये विजेचे झटके वापरून हेच तपासलं, त्यांनाही साधारण तसंच दिसलं. शिक्षेचा उपयोगच होत नाही असं मात्र मी सांगणार नाही, ते खरं ठरणार नाही. शिक्षा जबर असेल, चूक घडल्या क्षणी होत असेल आणि एकदाही चुकत नसेल, तर ते वागणं दबतं, हे १९६० च्या दशकातल्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे. पण घरात अशी शिक्षा करणं म्हणजे मुलाला रोज झोडपणं. ते मला मान्य नाही, तुम्हालाही नसेल. शिवाय धपाटा फक्त ‘हे करू नको’ एवढंच सांगतो. आई कामात आहे, मला कंटाळा आलाय, तर मी काय करू, हे त्याला धपाट्यातून कधीच कळणार नाही.

वडिलांसमोर तो शहाणा असतो याचंही कारण इथेच आहे. आपल्या नाशिकमध्ये २०२१ मध्ये ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ असा नियम आला, तो आठवा. पंपावर शेजारच्याचं हेल्मेट मागून घ्यायचं, पेट्रोल भरायचं आणि परत करायचं, असंही चालायचं. डोकं वाचवायला हेल्मेट घालायचं, हे त्यातून कुणी शिकलं नाही. पंपावर हेल्मेट दिसलं पाहिजे, हे शिकले. तुमच्या मुलासाठी बाबांची चप्पल दाराशी दिसणं हा तो पंप आहे. बाबा घरात आहेत तोवर हट्टातून मिळण्यासारखं काही नाही, मार बसण्यासारखं मात्र आहे, एवढं त्याला पक्कं कळलंय.

मग करायचं काय? मोबाइल द्यायचा की नाही आणि किती वेळ, हे संध्याकाळी सातला तव्यासमोर ठरवू नका. सकाळी ठरवा आणि त्याला सांगा. समजा गृहपाठ झाल्यावर वीस मिनिटं असं ठरलं, तर ती वीस मिनिटं त्यानं न रडता मागितल्यावर लगेच द्या, काचकूच न करता. साधं मागून मिळतं, हे त्याला अजून एकदाही अनुभवायला मिळालेलं नाही. वीस मिनिटं संपली की मोबाइल कपाटात. त्यानंतर रडला तर जवळ जाऊन एकदाच सांगायचं, ‘आता उद्या,’ आणि आपल्या कामाला लागायचं.

पहिले काही दिवस हट्ट वाढेल. हे आधीच सांगते, कारण बहुतेक आया इथेच हात टेकतात. रोजचं फळ बंद झालं की वागणं आधी उसळी घेतं, मग उतरतं. उंदीरही आधी जोरजोरात दांडी दाबतो. त्या उसळीच्या शिखरावर मोबाइल दिलात, तर इतकं रडल्यावर मिळतो हे तुम्हीच त्याला शिकवलं असं होईल. म्हणून घरात पाहुणे आहेत, तुम्हाला ताप आहे, आज निभावणार नाही असं वाटलं, तर पहिल्यांदा मागेल तेव्हाच सरळ देऊन टाका. चाळीस मिनिटं ताणून मग देण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं.

वहीत मला आणखी एक गोष्ट दिसली. मुलगा गप्प बसून चित्र काढत होता अशा दोन संध्याकाळी तुम्ही नोंदल्या आहेत आणि दोन्हींच्या तिसऱ्या रकान्यात लिहिलंय, ‘काही नाही.’ नेमकं तिथे काहीतरी हवं. पोळी तव्यावर टाकून त्याच्याकडे वळा, ‘ट्रकची चाकं मस्त जमली रे’ एवढं म्हणा आणि परत वळा. ‘गुड बॉय’ नको. त्यानं काय केलं ते बोला. मटार सोलायला द्या, कणकेचा गोळा द्या. तुम्ही दुर्लक्ष करायचं ते लोळण्याकडे, मुलाकडे नाही. रिमोट फेकणं, मारणं, डोकं आपटणं याकडे मात्र कधीच दुर्लक्ष करायचं नाही. वस्तू शांतपणे काढून घ्यायच्या, हात धरून थांबवायचं. आणि असं वारंवार होत असेल, शाळेतही होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मी नाशिकरोडला एका शाळेत पाचवीला शिकवते. एक मुलगा गणिताच्या तासाला रोज दंगा करतो. मारायचं तर नाहीच, म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं करते. वर्षभर हेच चालू आहे, फरक शून्य. दुसरी कोणती शिक्षा करावी?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, मारत नाही हे उत्तमच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. पण तुम्ही जी करताय ती त्याच्या लेखी शिक्षा आहे का, हे आधी बघा. वर्षभर बाहेर उभं करूनही दंगा तसाच असेल, तर बाहेर त्याला काहीतरी मिळतंय. गणितातून सुटका मिळतेय. आणि तुम्हालाही उरलेला तास शांततेचा मिळतो, म्हणून तुम्हीही त्याला बाहेर पाठवत राहता. नवी शिक्षा शोधू नका. दंगा नेमका कधी सुरू होतो ते आठवडाभर टिपा. मला वाटतं, भागाकार किंवा अपूर्णांक फळ्यावर आले की होत असेल. तसं असेल तर त्याला दहाऐवजी चारच गणितं द्या, पहिलं त्याच्याजवळ बसून करून घ्या, आणि अडलं की हात वर करून ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ असं विचारायची मोकळीक द्या. विचारलं की लगेच सोडा. सुटका त्याला हवीच आहे, ती दंग्याऐवजी विचारून मिळू द्या. आणि त्याचं तिसरीचं गणित कच्चं राहिलंय का, तेही पाहा.

प्रश्न : अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे, बारा कामगार. सकाळी उशिरा येतात म्हणून पंधरा मिनिटांच्या पुढे पन्नास रुपये दंड लावला. उलट उशिरा येणारे वाढले! आता दंड शंभर करू का?
– एक लघुउद्योजक

उत्तर : करू नका. इस्राएलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी दहा पाळणाघरांत हेच तपासलं होतं, त्यांचं लेखन २००० मध्ये आलं. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून सहा पाळणाघरांत छोटासा दंड सुरू केला. उशीर करणारे कमी व्हायचे ते वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाईंना थांबावं लागतं याचा संकोच होता. दंड भरल्यावर तो संकोच गेला, उशीर ही पैसे देऊन घ्यायची सोय झाली. पुढे दंड बंद केला तरी उशीर कमी झाला नाही.

तुमच्याकडेही पन्नास रुपये भरले की मान खाली घालायचं कारण उरत नाही. शंभर केले तर काही जण वेळेवर येतील, काही जण त्या दिवशी येणारच नाहीत. सव्वाआठला पोचून पैसे देण्यापेक्षा रजा टाकलेली बरी, असा हिशेब होईल. शिवाय पगारातून दंड कापण्यावर कायद्याच्या मर्यादा आहेत, त्या तुमच्या सल्लागाराकडून समजून घ्या. त्यापेक्षा उशीर का होतो ते एकेकाला बाजूला घेऊन विचारा. बस कोणती, मुलांची शाळा किती वाजता. दोघा-तिघांसाठी वेळ अर्ध्या तासानं पुढे सरकवून प्रश्न सुटत असेल तर सोडवा. आणि जे वेळेवर येतात त्यांना आजवर काय मिळालं? आठला मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला बहुधा उशिरा येणाऱ्याचंही काम करावं लागतं. म्हणजे तुमच्याकडे शिक्षा त्याला होतेय. ते आधी थांबवा. चांगलं मशीन, हवी ती साप्ताहिक सुट्टी निवडायचा पहिला हक्क महिनाभर वेळ पाळणाऱ्याला द्या, आणि ज्या महिन्यात पाळली त्याच महिन्याच्या शेवटी द्या. दिवाळीपर्यंत थांबून दिलेल्या बक्षिसाचा रोजच्या आठ वाजण्याशी काही संबंध उरत नाही.

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबागायतदार, आता मुलाकडे पंचवटीत असतो. नात दहा वर्षांची. पूर्वी माझ्या शेजारी बसून गोष्टींची पुस्तकं वाचायची. अजून वाचावं म्हणून मी एका पुस्तकाला वीस रुपये लावले. पहिले काही आठवडे धडाधड वाचली. आता सगळ्यात पातळ पुस्तक शोधते, आणि पैसे नाही म्हटलं तर हातही लावत नाही. मी तिचं नुकसान केलं का?
– एक आजोबा

उत्तर : काका, नुकसान भरून येण्यासारखं आहे. काय झालं ते सांगते. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस की सोनेरी तारा आणि लाल फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना न सांगता ते नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी कबूल केलेल्या गटातली मुलं चित्रांना बाकीच्यांच्या निम्माच वेळ देत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र शाबूत होती.

तुमची नात आधी वाचत होती, आणि त्या वाचनाचं तिला जे मिळत होतं ते तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात: ती तुमच्या शेजारी बसायची. तिला पुस्तक आवडत होतंच, पण तुमच्या मांडीला टेकून बसणं, मधेच ‘आजोबा, असं कसं?’ विचारणं आणि तुम्ही चष्मा वर करून उत्तर देणं, हेही तिला त्यातूनच मिळत होतं. वीस रुपये आले आणि ती पुस्तक संपवून फक्त हिशेब द्यायला तुमच्याकडे यायला लागली असणार. पैसे पान संपवण्याला होते, म्हणून तिनं पानं कमी असलेलं पुस्तक शोधलं. जे मोजलं गेलं तेच तिनं केलं, यात तिची लबाडी नाही.

ज्या कामात मुलाला अजून गोडीच नाही, पोहायला शिकताना पाण्यात उतरणं, रात्री दात घासणं, तिथे छोटं बक्षीस सुरुवातीला लावायला माझी हरकत नसते. जमायला लागलं की ते कमी करत न्यायचं. आवडीच्या कामाला दर लावू नये.

तिला सरळ सांगा की पुस्तकाचे पैसे आता बंद, आणि त्याऐवजी रोज रात्री जेवण झाल्यावर आपण दोघं वाचू. एक पान तुम्ही, एक पान तिनं. टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयात तिला घेऊन जा. १८४० पासूनचं ते, तुम्हाला माहीतच असेल. कपाटासमोर तिला हवं ते पुस्तक तिला निवडू द्या, पातळ निवडलं तरी काही म्हणू नका. काही दिवस ती वाचणार नाही, तेव्हा तुम्ही तुमचं वाचत बसा आणि एखादा भाग मोठ्यानं वाचा. ‘किती वाचलंस?’ विचारू नका, ‘पुढे काय झालं?’ विचारा. सध्या जे पुस्तक तिच्या हातात आहे, त्याचे वीस रुपये मात्र द्या. ते कबूल केलेले आहेत.